देवळाकडे पाहत उंबराखाली

नाना गेल्याचा निरोप धुळ्याला आला तो आमच्या खालच्या दुकानातल्या फोनवर. मिळेल ती एसटी धरून भडगावला उतरले, तिथून गावात पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. ओसरीवर शिरले तर खुंटीला ते सुके भोपळे तसेच टांगलेले, धुरानं काळवंडलेले... मग मला रडू आवरेना.

नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, आतेभाऊ. गिरणाकाठच्या त्यांच्या गावाला तेव्हा पूल नव्हता. नदी भरली की बाजेखाली सुके भोपळे बांधून नाना सांगड करत आणि माणसं पलीकडे नेत. माणसं बाजेवर, नाना पाण्यात पोहत, मागून ढकलत. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. ते मात्र मी पुष्कळ पाहिलं होतं, आणि तरीही बारावीला भौतिकशास्त्रात सपशेल आपटले.

जळगावच्या कॉलेजात सगळं इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या माझी तिथं 'व्हेलॉसिटी'शी गाठ पडली आणि आमचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. वेगाला दिशा असते, हे मी इतकं घोकलं की झोपेतही म्हटलं असतं. कळलं मात्र काडीचं नाही. निकाल लागला तसं पाचोऱ्याच्या घरी आबांनी माझी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि स्थळं बघायला घेतली. मी चार दिवस धड जेवले नाही. आठवड्याभरानं काय झालं कोण जाणे, आबा जेवताना एकदम म्हणाले, "ऑक्टोबरले एकदाव बस. एकदावच." आबांना माझी दया आली, असं मी धरून चालले.

श्रावणात कानबाईच्या सणाला नानांकडे गेले ती पुस्तक घेऊनच. पलीकडच्या काठावर एक उंबर होता, तिथं उतरायचं असे. उंबराच्या बरंच वर, नदी येते त्या बाजूला, महादेवाचं पांढरं देऊळ. नाना सांगड सोडत ती नेहमी देवळाकडे तोंड करून. मला ते काही पटेना.

"नाना, उंबर तर समोर आहे. सरळ उंबराकडे घ्या ना."

"लेऊत," नाना म्हणाले, आणि खरंच त्यांनी सांगड सरळ उंबराकडे धरली.

मी बाजेवर उताणी पडले होते. वर ढग, खाली पाण्याचा बारीक आवाज, आणि आपण जागच्या जागी आहोत असं वाटणारी ती गुंगी... काठावरची झाडंच कुठंतरी निघाली होती, सावकाश, एकामागून एक. उंबरही निघाला. मी उठून बसले तेव्हा तो मागं राहिला होता, आणि आम्ही दोन शेतं खाली कुणाच्या तरी वांग्यांच्या वावराला लागलो होतो.

नाना पोटभर हसले. मग ओलं डोकं पुसत म्हणाले, "नदी बी चाली राहिनी ना, पोरी. तू बठ्ठं बरोबर करं, नदीले मातर धरंच नही."

परीक्षेत मी नेमका तसाच बाण काढून आले होते, सरळ पलीकडे. त्या दुपारी चिखलात काडीनं दोन बाण काढले, आपला देवळाकडे आणि नदीचा खाली, आणि तिसरा आपोआप उंबराखाली जाऊन टेकला. आनंदानं मी अक्षरशः ओरडले. ऑक्टोबरात पास झाले. पुढं शिकले, आणि आता धुळ्याला हाच धडा पोरांना शिकवते.

दहाव्याला पुन्हा गेले. माणसं पांगल्यावर नानी आणि मी ओसरीवर बसलो होतो. बोलता बोलता तिनं सहज सांगितलं, "तू नापास व्हयनी ना, तवय ह्या, तुना नाना, पाचोराले तुना आबाकडे गयथात. म्हनात, पोरगीले डागदर कर, मुंबईले धाड."

"मुंबईला? मला?"

"आबा असा भडकना! म्हने, डागदर नही न काही नही, फार ते फार एकदाव परीक्षा देई ती. मंग ह्या चूपचाप उठी उनात. घर ईसन मले म्हनात, जमी गयं."

मी विचारलं, "नानी, मी डॉक्टर व्हावं असं नानांना खरंच वाटत होतं?"

"कसानी डागदर!" डोळे पुसता पुसता नानी हसली.

मी खुंटीवरच्या भोपळ्यांकडे बघत राहिले. नानांना उंबरच गाठायचा होता.