सासू, सून, सासरा आणि फटफटीचा बंद काटा

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हात जोडणारा माणूस नाही. आमच्या जव्हारात कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याने काय खाल्लंय ते विचारायचो. चकवा लागला म्हणणाऱ्याला तर मी तोंडावर सांगायचो, बाबा रे, तू रस्ता चुकलास, बाकी काही नाही. त्यामुळे खालचा अनुभव वाचून कुणी मला भोळा समजू नये. समजायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग समजा.

गोष्ट जव्हारात राजेसाहेबांचं राज्य होतं तेव्हाची. मी एका लाकडाच्या कंत्राटदार शेठजींकडे कारकून होतो. शेठजींना एकदा मुंबईला कुणा गोऱ्या साहेबाची जुनी फटफटी आवडली... आवडली म्हणजे काय, साहेब विलायतेला निघाला होता आणि त्याला ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. ती फटफटी बैलगाडीतून, पेंढ्याखाली झाकून, नवरीसारखी जव्हारला आली. शेठजी एकदा तिच्यावर बसले. मशीन करकरलं. उतरले ते पुन्हा बसले नाहीत. मला म्हणाले, "गजानन, तू चार बुकं इंग्रजी शिकलास ना? मग ही तूच शीक."

आता चार बुकं इंग्रजी आणि फटफटी यांचा संबंध काय? पण मी "हो" म्हणालो. इथेच माझं चुकलं असं नाही, खरी चूक पुढे आहे.

तेव्हा माझं लग्न ठरवायची खटपट चालली होती. मोखाड्याला एक मास्तर होते, त्यांची मुलगी गोदा. आमच्या मामांनी मास्तरांना पत्र लिहिलं आणि त्यात ठोकून दिलं — "मुलगा फटफटी उत्तम चालवितो." मला हे कळलं तेव्हा पत्र गेलेलं होतं. मी ताबडतोब दुसरं पत्र लिहून खरं काय ते कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मनात म्हटलं, असू दे, तेवढंच वजन पडेल!

मास्तरांचं उत्तर आलं. "पुढील सोमवारी दुपारी मुलगी पाहण्यास यावे. येताना फटफटीवरूनच यावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला सर्व काही चालते, खोटे चालत नाही. खोटे बोलणाऱ्याच्या घरी मी मुलगी देणार नाही."

बोंबला! हातात आठ दिवस.

मी फटफटीसमोर जाऊन उभा राहिलो. हँडलवर उजव्या हाताला एकावर एक अशा दोन बारीक दांड्या. डाव्या हाताला एक दांडी. तिच्या खाली एक छोटासा चिमटा. उजवीकडे आणखी खाली ब्रेकचा हात, पण ब्रेक इतका झिजलेला की नावालाच. एक रबरी भोंगा. आणि मधोमध घड्याळासारखी एक गोल तबकडी, तिच्यावर वेगाचे आकडे आणि एक काटा. तो काटा शून्यावर मेलेला. तबकडीतून चाकाकडे जाणारी वायरच कुणी तरी काढून टाकली होती. कुठली दांडी कशासाठी, हे सांगणारं साहेबाचं छापील पुस्तक मुंबईतच राहिलं होतं.

मदतीला शेठजींचा गाडीवान लखमा. जन्म बैलांमागे गेलेला. तो हँडल बघून एकदम खूश झाला. म्हणाला, "भाऊ, ह्ये तं सोप्पं हाय! ह्ये दोन बाजूचं दोन कासरं. जरा ढिलं सोडलं का चालंल, अन दोन्ही आपल्याकं ओढलं का उभा ऱ्हाईल."

मला पटलं! आज हसू येतं, पण तेव्हा खरंच पटलं. बैलाचा कासरा ओढला की बैल थांबतो, मग यंत्र काय बैलापेक्षा शहाणं असणार?

त्या फटफटीला लाथ मारून सुरू करायची सोय नव्हती. ढकलत पळायचं, ती फटफटू लागली की टांग टाकून बसायचं. दोन दिवस आम्ही शेठजींच्या वखारीच्या अंगणात पळालो. ती खोकायची आणि गप्प बसायची. मी म्हणायचो, अंगणाला उतार नाही म्हणून. लखमा म्हणायचा, "व्हय, नाचता येईना अंगण वाकडं." तिसऱ्या दिवशी काय झालं देव जाणे, ती पेटली. मी बसलो. समोर कुंपण आलं तसं मी लखमाच्या शास्त्राप्रमाणे दोन्हीकडच्या दांड्या सगळ्या ताकदीने आपल्याकडे ओढल्या — आणि ती जी उधळली म्हणता! कुंपण मोडून, शेजारच्या पेंढ्याच्या उडवीत आम्ही दोघं, म्हणजे मी आणि फटफटी, पार आत. लखमाने मला पायाला धरून बाहेर काढलं आणि वर विचारलं, "भाऊ, होऽऽ म्हणला नाय का तू?"

मी रडकुंडीला आलो. मामांना शिव्या घातल्या, स्वतःलाही घातल्या. गोदाला मी पाहिलं नव्हतं, पण लबाड म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा अशी मोखाड्यापासून जव्हारपर्यंत बोंब होणार, या विचारानेच माझी झोप उडाली होती.

लखमा म्हणाला, "काशा भगताला दाखवू. माझा काका हाय. खोडाळ्याकडं ऱ्हातो."

"भगताला? फटफटी?" मी ओरडलोच.

"का? मानूस बिघडला का दाखवतूस ना? बैल बिघडला का दाखवतूस ना?"

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी लखमा काकाला गाडीत घालून घेऊन आला. काशा भगत म्हणजे सुकलेला, हसतमुख म्हातारा. त्याने जन्मात फटफटी पाहिली नव्हती. इकडे माणूस आजारी पडला की भगत तांदळाचे दाणे टाकून ते कसे पडतात ते बघतो आणि कुठल्या देवाचं काय अडलंय ते सांगतो. तसेच त्याने मूठभर दाणे फटफटीच्या हँडलवर टाकले. बराच वेळ बघत बसला. मी मनात म्हणत होतो, गजानन, चार बुकं इंग्रजी शिकून ही तुझी दशा.

मग तो बोलू लागला. उजवीकडच्या दोन दांड्यांना हात लावून म्हणाला, "ह्या सासू-सून. खालची सून. सुनंला आधी जरा आपल्याकं येऊ दे, मंग सासूला. दोगी एकदम आल्या का घर पेटंल." मग डावीकडची दांडी. "ह्यो सासरा. चढ लागला का ह्याला मागं बसव, म्हातारा हाय. सपाटीला पुढं जाऊ दे." मग तो चिमटा. "ह्यो बारक्या. ह्याला धरला का हिचा जीव जातो. सोडला का जीव येतो. पळताना धरून पळ, मंग सोड."

शेवटी त्याने बंद तबकडीच्या काचेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "बाबा, ते बंद आहे. मेलंय."

"मेला नाय, निजलाय," तो म्हणाला. "ह्यो जागा झाला का बारक्याला धर. इचार करत बसू नको."

नारळ घेतला आणि गेला.

मी लखमाला म्हटलं, "तुझ्या काकाने आख्खं सासर बसवलं की हँडलवर!" पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तसं करून बघितलं. बारक्याला धरून पळालो, सोडला. पहिल्याच झटक्याला पेटली! सुनेला जरा आपल्याकडे, मागून सासूला. फटफटी लोण्यासारखी चालू लागली. कुंपणाशी बारक्याला धरला... थांबली. लखमाने जमिनीला हात लावून नमस्कार केला. मी नाही केला, पण हात थोडे वर गेले होते हे कबूल करतो. तिथपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की म्हाताऱ्याचा अंदाज बरोबर आला. खरा प्रकार सोमवारचा आहे.

सोमवारी सकाळी जव्हारहून निघालो. धोतर कसून बांधलेलं, डोक्याला टोपीवर उपरणं. नागलीची कापणी झालेली, रस्ता कोरडा, ऊन छान. वाटेतली पोरं मागे पळत होती, बाया डोक्यावरचे भारे टाकून बाजूला होत होत्या. चढाला सासऱ्याला मागे बसवत, सपाटीला पुढे सोडत मी राजासारखा चाललो होतो.

मोखाडा मैलभर राहिला असेल. तिथे एक उतार आहे, आणि उताराच्या मधेच डोंगराला वळसा घालणारं वळण. पलीकडचं काही दिसत नाही. फटफटी चांगलीच सुटली होती. सहज खाली नजर गेली —

काटा हलला.

शून्यावरून उठला, सावकाश, कुणी झोपेतून उठून बसावं तसा. दहा, वीस, तीस... आणि तिथे थरथरत उभा राहिला. मी विचार केला नाही, शपथेवर सांगतो, विचार करायला वेळच नव्हता. बारक्याला गच्च धरला, तो नावाचा ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीला घासले. चपलांचे तुकडे झाले. वळण घेऊन फटफटी थांबली तेव्हा माझ्या पुढ्यात, हँडलला नाक लावून, एक बैल उभा होता.

एका चाकाची खीळ निघून एक बैलगाडी रस्ताभर आडवी पडली होती. गाडीवान चाकाशी झटत होता. एक बाई दगडावर बसलेली. काळा कोट घातलेले एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. आणि सोडलेल्या बैलाचा कासरा धरून एक मुलगी उभी. बैल शांतपणे माझा भोंगा चाटू लागला.

हे मास्तर. पाहुणे यायच्या आधी देवदर्शन करून यावं म्हणून बायको आणि मुलीला घेऊन निघालेले. मी थांबलो नसतो तर काय झालं असतं ते लिहायला आजही हात धजत नाही.

"गजाननराव ना?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण मास्तर तो मास्तर. "वळणापलीकडचं दिसत नाही. पण तुमची फटफट अलीकडेच बंद झालेली ऐकली. आधीच थांबायला लागलात कसे?"

काहीही सांगता आलं असतं. नजर तीक्ष्ण आहे, बैलाची घंटा ऐकू आली, काहीही! पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. "काटा हलला म्हणून."

मास्तर वाकले. तबकडीच्या खाली बघितलं, हात फिरवला. काटा परत शून्यावर, मेल्यासारखा. ते सरळ उभे राहिले.

"याला वायरच नाही," ते म्हणाले. "गजाननराव, जीव वाचवलात त्याबद्दल उपकार आहेत. पण खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं." आणि गाडीवानाला म्हणाले, "खीळ बसली की गाडी घराकडे वळव. आज आता काही पाहायचं राहिलं नाही."

काय सांगू तुम्हाला! आठ दिवस मी एक खोटं खरं करायला मरत होतो, त्याने माझं काही बिघडलं नाही. आणि एक खरं बोललो तर संपलं सगळं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बाबा, काटा हलला होता. परत शून्यावर येताना मी बघितला."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांची मुलगी खोटं बोलत नाही, हे ते मोखाडाभर सांगत असत. दगडावरच्या बाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग झालं तर. ऊन चढलं, पाहुण्यांना पाणी तरी द्या."

त्याच फाल्गुनात आमचं लग्न झालं.

काही महिन्यांनी साहेबाचं ते छापील पुस्तक टपालाने आलं. मी एकेक ओळ लावून बघितली. खालची दांडी पेट्रोलची, वरची हवेची, पेट्रोल आधी, हवा मागून. डावी ठिणगीची, चढावर मागे घ्यावी, सपाटीला पुढे. चिमट्याने इंजिनचा दाब सुटतो, तो धरून पळावं. अक्षर न अक्षर! मी लखमाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग? काकानं सांगितलं त्येच सायबानं लिवलंय." काशा भगताला विचारायला गेलो तर तो म्हणाला, दाणे जे सांगतात ते मी सांगतो, मला फटफटीतलं काय कळतंय?

पुढे नाशिकला एका घड्याळजीकडून तबकडी उघडून घेतली. आतलं चाक गंजून भुगा झालेलं, काटा तबकडीला चिकटलेला. हादऱ्याने हलला असेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, हातोड्याने हलणार नाही. त्याने आपल्या बारीक चिमट्याने जोर केला तर काटा मोडला. दोन्ही तुकडे माझ्याकडे डबीत आहेत.

तरी मला एक आधार होता — हिने पाहिला होता. वर्षानुवर्षं कुणी हसलं की मी म्हणायचो, घरात साक्षीदार आहे, विचारा. ही नुसती मान हलवायची.

मास्तर गेल्यानंतरची गोष्ट. ही अंगणात नागली पाखडत बसली होती. मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, "गोदे, नीट आठवून सांग. परत शून्यावर येताना तू बघितलास तेव्हा काटा कितीवर होता?"

सूप खाली ठेवून म्हणाली, "अहो, बैल तुमचा भोंगा चाटत होता. मी त्याला आवरू, का तुमचा काटा बघत बसू?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. बाबा लबाड म्हणाले तेव्हा तुमचे डोळे भरून आले. लबाड माणसाचे नाही येत." आणि पुन्हा सूप उचलत म्हणाली, "माहेरी बोलले ते तेवढं एकच हो खोटं."

मी तिथेच पायरीवर बसलो. म्हणजे तो काटा हलताना पाहणारा मी एकटाच, आणि साक्षीदार म्हणून इतकी वर्षं मी जिला पुढे करत आलो, तिने काहीच पाहिलं नव्हतं! तरी शपथेवर सांगतो, काटा हलला होता. का हलला, ते मला आजही सांगता येत नाही.