तीन बोटं

"तोंड उघड व माय, तीन बोटं घाल." दर सोमवारी फाटकाशी उभी राहून आमच्या शाळेची शिपाईबाई हे म्हणायची आणि स्वतःची तीन बोटं जुळवून दाखवायची. खर्रा खाऊन ज्याचा जबडा आखडला, त्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. ही खूण आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरांनी शिकवली आणि तपासणी कायमची बाईच्या गळ्यात पडली. नावं लिहायला मी.

मुलींची दप्तरंही तीच पाहायची. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा हा खर्रा बापासाठी पानठेल्यावरून पोरंच आणतात, तुम्हीही पाहिलं असेल. त्यामुळे कंपासपेटीत पुडी निघाली की "बाबाचा हाय" हे उत्तर ठरलेलं. बाई मान डोलवायची. जप्त पुडी मात्र कचऱ्यात जायची नाही, बाईच्या गालात जायची.

"बाई, हे काय?"

"फेकू कशाले सर? कोनीतरी मेहनतीनं घोटला असते."

मी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते. खरं तर मी कंटाळलो होतो. दर सोमवारी तीच पोरं, त्याच पुड्या.

मग मुख्याध्यापकांनी नियम काढला, नाव दोनदा आलं की वसतिगृह बंद. त्या सोमवारी दहावीतल्या एका मुलीच्या तोंडात दोनच बोटं गेली. तिचं नाव आधी एकदा आलेलं. गाव जंगलात आत, घरी गेली की शिक्षण संपलं. बाईने माझ्याकडे पाहिलं.

"जातेत तीन. लिहा."

मी लिहिलं.

पण बाईने तिला तेवढ्यावर सोडलं नाही. रजा टाकली आणि एसटीने तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मुलगी एकटीच परतली. तिला औषध मिळालं होतं, खर्रा सुटला तर तोंड उघडेल म्हणे. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी बाईलाच तोंड उघडायला लावलं होतं. एकच बोट गेलं, आत गालाला जखम. बाईला त्यांनी ठेवून घेतलं.

"बाई म्हने, तू जाय, उद्या पेपर हाय तुहा," मुलगी रडत सांगत होती.

तो सराव परीक्षेचा पेपर होता. बोर्डाचे पेपर सुरू झाले तेव्हा बाईच्या मुलाचा फोन आला. गडचिरोलीहून बाईला नागपूरला हलवलं होतं, तोंडाचा कॅन्सर. तिथल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, आता काही होण्यासारखं नव्हतं. फोन ठेवतो तोच ती मुलगी पेपर देऊन आली.

"सर, बाई कवा येतीन?"

"येतील," मी म्हणालो. "पेपर कसा गेला ते सांग."