खांबापासून ऐंशी पावलं

आमच्या कंडक्टरला अख्खा डेपो ‘चिमटा’ म्हणायचा. एक तर अंगाने तसाच, दोन लांब पाय आणि वर टोक. दुसरं म्हणजे तिकीट द्यायचं नसलं तरी हातातला चिमटा टकटक वाजवत राहायचा. आणि तिसरं त्याचं बोलणं. एकदा एक बाई शिलाई मशीन घेऊन चढली. म्हणाली, “मास्तर, याचं तिकीट लागेल का हो?” हा म्हणतो, “बसून आलं तर लागेल, उभं आलं तर नाही.” मशीन आपलं उभंच! उतरेपर्यंत त्या बाईने अर्ध्या गाडीची तुटकी बटणं शिवून दिली, असं मी सांगत असतो. खरं तर एकाच माणसाचं बटण शिवलं, पण अर्धी गाडी म्हटलं की ऐकणारा पुढे सरकून बसतो.

मी ड्रायव्हर. मला तो पायलट म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच मार्गावर, बाजारापासून बंदरापर्यंत. मध्ये मोठा सरकारी दवाखाना लागायचा. त्याचा थांबा म्हणजे वळणापलीकडे एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून रोवलेला लोखंडी खांब. ना छप्पर, ना बाकडं. दुपारी त्या खांबाला हात लावला तर फोड यायचा. पण वळणाच्या अलीकडे, दवाखान्याच्या फाटकाशी एक जुना शिरीष होता. त्याच्या सावलीत पन्नास माणसं आरामात मावायची. खांबापासून ऐंशी पावलं. मी मोजलेली आहेत.

नियम असा की थांबायचं ते खांबाशी. घंटीची एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. चिमट्याने आमच्यासाठी तिसरी काढली, अर्धी घंटी. दोरी नुसती हलवायची. कुणाला ऐकूही जायची नाही, पण माझा पाय बरोबर ब्रेकवर जायचा आणि गाडी शिरीषाखाली उभी राहायची. पुढे त्या मार्गावरच्या सगळ्याच गाड्यांनी ती उचलली. उतरणारे तिथेच उतरायचे, चढणारे तिथेच चढायचे. अकरा वर्षांत त्या खांबाशी कुणी चढलं असेल तर चुकून.

त्या सावलीत चिमट्याची बायकोही असायची. वहिनींची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दिवसाआड चार तास यंत्रावर रक्त गाळून घ्यायचं आणि दुपारच्या आमच्या गाडीने परत यायचं. चिमटा स्वतःच्या बायकोलाही म्हणायचा, “बाई, सरका पुढे, माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणायची, “बघण्यासारखं आहेच काय!” आणि गाडी हसायची.

एकदा उन्हाळ्यात त्या खांबाशी एक माणूस येऊन बसला. खुर्ची, छत्री, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजणीचं यंत्र. तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला. आम्ही शिरीषाखाली गाडी भरून घ्यायचो आणि त्याच्यासमोरून सुसाट निघायचो. वळणामुळे त्याला झाड दिसत नव्हतं. चिमटा खिडकीतून डोकं काढून ओरडला, “काय साहेब, ऊन मोजताय का?” तो माणूसही हसला. आम्ही तर पुढचा थांबा येईपर्यंत हसत होतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वाहतूक सुधारणा आली. खोटं कशाला बोलू, सुधारणा चांगली होती. गार हवेच्या नव्या गाड्या, लोण्यासारखं स्टिअरिंग, तिकिटाला कार्ड. बाजार ते बंदर वीस मिनिटं वाचली. कामावर जाणाऱ्या बाया माझ्या गाडीत पहिल्यांदा डोळे मिटून बसलेल्या मी पाहिल्या. कंडक्टर मात्र नव्हता, घंटी नव्हती. दार माझ्या बटणाने उघडायचं, आणि कुठे उघडलं हे कचेरीत दिसायचं. ज्या थांब्यांवर माणूस नाही ते थांबे काढले होते. यादीत दवाखान्याच्या थांब्यापुढे लिहिलं होतं : चढणारे शून्य, उतरणारे शून्य.

आता पुढचा थांबा पुलाखाली, दीड किलोमीटरवर. यंत्रावरून उठलेलं माणूस दीड किलोमीटर भर दुपारी चालणार कसं? एकेरी रस्ता, रिक्षा तिकडे वळायला तयार नसायची. चिमटा आता डेपोत कार्डाच्या खिडकीवर अडकलेला. वहिनी चालायच्या. जाताना माझ्या गाडीत असल्या की शिरीषाशी मी वेग कमी करायचो. एकदा बटणावर बोट गेलं. त्याच म्हणाल्या, “भाऊजी, नका हो. तुमची नोकरी जाईल.” बोट मागे आलं.

मग त्यांनी यंत्रावरची एक पाळी चुकवली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. पाय सुजले, दम लागायला लागला.

चिमटा म्हणाला, “पायलट, मी कचेरीतल्या साहेबाला खरं सांगून येतो. तो थांबा आपणच मारला.”

मी बरोबर गेलो, पण दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“अकरा वर्षं?” साहेब म्हणाले. “अहो, एक अर्ज केला असता तर खांब झाडाखाली हलवला असता.”

“सुचलं नाही साहेब. चाललं होतं तसं चालवलं.”

“आणि ड्रायव्हर?”

“त्याला काय माहीत? घंटी मी द्यायचो. तो घंटीचा ताबेदार.”

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी बाकड्यावरून उठलो नाही.

चिमट्याला निलंबित केलं आणि थांब्याची फेरमोजणी लावली. एकच दिवस, गाड्या खांबाशी थांबणार, चाळीस माणसं चढली तर थांबा परत. तोवर कितीतरी रोगी दुसरीकडे गेले होते, काही यायचेच बंद झाले होते. चिमटा वॉर्डावॉर्डातून हात जोडत फिरला. त्या दिवशी बिचारे आले, आणि सवयीने शिरीषाखाली उभे राहिले. हा ओरडत सुटला, “सावलीत उभे राहू नका! सावलीतली माणसं मोजत नाहीत!”

वहिनी यंत्रावरून उठून आल्या. चिमटा म्हणाला, “तू बस गं झाडाखाली, गाडी दिसली की ये.”

“आणि मी पोचेपर्यंत दार लागलं तर? एक तर एक, मी उभी राहते.”

गाडी आधीच्या फेरीत बंदराच्या फाटकात अडकली होती. ती माझीच गाडी. पंचवीस मिनिटं उशिरा वळण घेतलं तेव्हा खांबाशी घोळका दिसला आणि त्याच्या मध्ये वहिनी जमिनीवर. चार जणांनी उचलून आत दवाखान्यात नेलं. चिमटा त्यांच्यामागे धावता धावता थांबला, खांबाशी मोजायला बसलेल्या छत्रीवाल्याकडे वळला. “हिला धरलंत ना?”

तो माणूस आधीच्या मोजणीचा तोच होता. डोळे खाली घालून म्हणाला, “चढल्या नाहीत हो. कसं धरू?”

नवव्या दिवशी वहिनी गेल्या. आकडा त्यांच्याशिवायच त्रेचाळीस भरला होता. पावसाळ्यानंतर थांबा परत मिळाला, खांब जिथे होता तिथेच. झाडाखाली हलवण्याचा अर्ज दिलाय म्हणतात.

चिमट्याची नोकरी गेली ती गेलीच. पण दिवसाआड दुपारी तो येतो. झाडाखालच्या लोकांना हाकत खांबाशी आणतो, स्वतः कार्ड टेकवून चढतो, पुलाखाली उतरतो आणि चालत परत जातो. “पुन्हा कधी मोजतील नेम नाही,” म्हणतो. “एक तर एक.”

परवा तो माझ्यामागे उभा होता. मी म्हणालो, “उद्या साहेबाकडे जातो मी. सांगतो, गाडी मी थांबवत होतो.”

“आता कशाला?” तो म्हणाला. “दार लाव पायलट, गार हवा जाते.”

मी दार लावलं.