मल्लिनाथच्या कार्डांची खंडेनवमी

बेंबळीचा मल्लिनाथ मुंबईत एका संस्थेत कॉम्प्युटरला कामं सांगायचा. एकेक हुकूम लिहायचा, त्याचं भोकं पाडलेलं एकेक कार्ड व्हायचं. यंत्र त्या कार्डांची चवड वरून खाली वाचायचं. "भोकं पाडायचा पगार देतात म्हणं," वडील वीरप्पा पारावर सांगत. त्यात अभिमान किती आणि थट्टा किती, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

सदुसष्टच्या दसऱ्याला तो अशी एक चवड तपासायला गावी घेऊन आला. तालुक्यातालुक्यांच्या पावसाची बेरीज करायचं काम होतं. सुट्टी संपताच यंत्रावर त्याची पाळी होती. ती चुकली तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. कार्डांवर क्रमांक घाला, निदान चवडीच्या कडेवर तिरपी रेघ ओढा, म्हणजे विस्कटली तरी रेघ जुळवून क्रम लावता येईल, असं संस्थेत कार्डांना भोकं पाडणाऱ्या सरोजिनीबाईंनी बजावलं होतं. त्यानं ते हसण्यावारी नेलं. क्रम त्याच्या डोक्यात होता.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. नांगर, कुळव, विळे मांडून झाल्यावर आई नागूबाईंनी विचारलं, "तुजं हत्यार कुठाय?"

"मुंबईत. ह्या घराएवढं हाय," म्हणत तो विहिरीवर अंघोळीला गेला.

नागूबाईंना आपपरभाव माहीत नव्हता. त्यांनी त्याची ट्रंक उघडली, हीच त्याची हत्यारं म्हणत कार्डं घोंगडीवर पसरली, एकेकाला कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि चवड पुन्हा नीट गोळा केली.

मल्लिनाथ आला आणि किंचाळलाच.

"कोकलतोस कशाला? एक बी हरवलं न्हाय."

"आई, क्रम गेला!"

"पत्ते पिसूनच खेळतात की रं."

डोक्यातला क्रम बहुतेक विहिरीतच राहिला होता. कुंकू पुसत, वरची बारीक अक्षरं वाचत, तो अंगणात प्रत्येक कार्डाला विचारत बसला : तुझ्याआधी कोण? ज्वारीवरून वारा आला की मांडीखाली कार्डं दाबून धरी. ऊन भिंतीवर चढलं आणि तो थांबला. बेरीज शून्यावर आणायचं कार्ड त्यानं आरंभी एकदाच ठेवलं होतं. प्रत्येक तालुक्याला यंत्र जिथून पुन्हा सुरुवात करतं, तिथं ते हवं होतं; नाहीतर मागच्या तालुक्याची बेरीज पुढच्यात मिसळली असती.

"आप्पा, हे असंच गेलं असतं, तर तुळजापूरचा पाऊस आपल्या तालुक्यात पडला असता."

वीरप्पा ताडकन उठले. "मग पडू दे की! दुरुस्त कशाला करतोस?"

"पूजा केली म्हणून घावलं," नागूबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

ते कार्ड जागेवर गेलं. चवडीच्या कडेवर वीरप्पांनीच गेरूची तिरपी रेघ ओढली. मुंबईत यंत्रानं ती चवड न अडखळता वाचली. पाऊस ज्याच्या त्याच्या तालुक्यात पडला. कार्डांतून निघालेली सुकी पाकळी सरोजिनीबाईंनी उचलली, रेघ पाहिली आणि कामाला लागल्या.

पुढच्या खंडेनवमीला नागूबाईंनी रेघ ओढलेली नवी चवड मागून घेतली, पूजा केली, आणि मुद्दाम पिसून त्याच्या हातात दिली.

"लाव बघू आता."