मोहाच्या सीझनपुरत्या गोळ्या बंद

सरपंच डोमाजींनी ग्रामसभेचा ठराव माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. ठरावात एकच मागणी होती. मोहफुलांचा सीझन संपेपर्यंत पारबताबाईच्या गोळ्या बंद ठेवाव्यात.

मी चंद्रपूरला न्यूरॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मेंदू आणि नसांची डॉक्टर. गुण येत नाही म्हणून भांडणारे नातेवाईक मला नवीन नाहीत. पेशंट बरी झाली म्हणून सही-शिक्क्यानिशी तक्रार पहिल्यांदाच आली होती.

पारबता गडचिरोलीकडच्या एका गावातली. घर तलावातल्या मासोळीवर चालतं. महिनाभरापूर्वी नवरा, नामदेव, तिला घेऊन आला होता. तिला अचानक कुजकट वास यायचा, छाती धडधडायची, अंगावर काटा यायचा. "आला, आला!" असं ओरडून ती मिनिटभर थिजायची. त्या मिनिटातलं नंतर तिला काहीच आठवत नसे. ही वाघाची चाहूल आहे, असं गावानं ठरवून टाकलं होतं. एकदा मात्र हे कमरेएवढ्या पाण्यात झालं. नामदेवनं केसांना धरून ओढलं म्हणून वाचली.

एमआरआयमध्ये कारण दिसलं. मेंदूत खोलवर लिम्बिक सिस्टीम नावाचा भाग असतो. भावना, आठवणी आणि वास यांचा तिथे शेजार आहे. त्यातला बदामाएवढा अमिग्डाला म्हणजे भीतीचा भोंगा. त्याला खेटून हिप्पोकॅम्पस, नव्या आठवणींची नोंद ठेवणारा. पारबताच्या हिप्पोकॅम्पसवर जुना वण होता. तिथे ठिणगी पडली की भोंगा वाजायचा, पण नोंद व्हायची नाही. ही फिटच, फक्त हातपाय न झाडता येणारी. मी गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबल्या.

"चार सालापासून तिच्या भरोशावर मोहाले जाऊन राह्यलो, मॅडम," डोमाजी म्हणाले. "तिनं बोंब मारली का टोपल्या टाकून सारे गावात. मंग फॉरेस्टचा गार्ड जाऊन पायते. दर बारीले वाघाचे पंजे सापडले."

"भाऊ, तुमच्या जंगलात कोणीही, कधीही बोंब मारली तरी पंजे सापडतील."

त्यांनी मान डोलावली. "म्हंजे बाई बराबरच सांगते ना?"

मी कपाळाला हात लावला.

"बरं, पुऱ्या बंद नका करू," त्यांनी तडजोड सुचवली. "सकाळची गोळी ठेवा बंद. मोह आम्ही सकाळीच वेचतो. संध्याकाळी दोन खाऊ द्या तिले."

"गोळी म्हणजे शेतातली मोटर नाही, हवी तेव्हा बंद करायला. मध्येच थांबवली तर मोठी फिट येईल. तलावात असली तर मरेल ती."

"आन् वाघानं आमच्यातल्याले नेलं तं?"

हा माणूस मूर्ख नव्हता, घाबरलेला होता, आणि त्याच्या भीतीला गोळी नव्हती. मी म्हटलं, एकानं मोह वेचू नये, फक्त नजर ठेवावी.

"मंग त्याचा मोह कोण वेचन?"

मी ठराव फाईलला लावला. गोळ्या चालू ठेवल्या. सीझनभर मला काळजी लागून राहिली.

सीझन संपल्यावर डोमाजींचा फोन आला. आवाज खुशीतला. "मॅडम, तुमच्या गोळ्यानं तं बाईचं ध्यान अजून तेज झालं! पयलेपेक्षा जास्ती सांगून राह्यली!"

म्हणजे फिट वाढल्या! दुसऱ्याच दिवशी पारबताला बोलावून घेतलं.

"वास येतो?"

"नाई."

"छाती धडधडते?"

"नाई जी. एकबी फिट नाई."

"मग 'आला, आला' काय?"

तिनं पदर तोंडाला लावला. "पाय दुखले का येते. टोपली भरली का येते."

मी हसले, मग रागावले. "आणि खरंच आला असता तर?"

"आला ना. एक दिस मोहाच्या बुडाशी उभा. मी वरडलो, सारे पळाले. मीबी पळालो." ती पुढे सरकली. "मी भेलो, मॅडम. लय भेलो. पण सारं याद हाय. येवढा मोठा, आन् माश्या हाकलाले कान हालवून राह्यला होता. चार साल मी लोकाइले वाघ सांगितला, पायला पयल्यांदाच."

मी केसपेपरवर लिहिलं, फिट नाहीत, आठवण शाबूत, भीती वेळेवर येते. गोळ्या त्याच, त्याच वेळी.

डोमाजींनी पुन्हा फोन करून विचारलं, तपासणीत काय निघालं. पेशंटची माहिती तिसऱ्याला सांगायची नाही, हा नियम मी इतक्या आनंदानं कधीच पाळला नव्हता.