मावशीची मान आणि साडेसतरा मायक्रॉन

स्वेटरांनी भरलेली पिशवी घेऊन तारकर्लीला कोण जातं? मी गेलो. मावशीची लेक सुमन कॅनडात बाळंत होणार होती, तिकीट काढून झालं होतं आणि मावशी हटून बसली होती. "लोकर माझ्या आंगाक सोसणा नाय. मी जावचंय नाय!" दरवर्षी हिमालयात जाणारा मी, माझ्यातला तज्ज्ञ लगेच जागा झाला.

पुण्याहून पहाटे पाचला निघा, गगनबावड्यात चहा घ्या. घाटात दरी बघायची की खड्डे, हे चालवणाऱ्याने ठरवावं. दोनच्या आसपास मालवण येतं. तिथे बांगड्याची थाळी मागवा, आणि सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

पोचलो तेव्हा मावशी ओटीवर वाती वळत होती, काका अंगणात नारळ सोलत होते. मी सुरूच झालो. मायक्रॉन म्हणजे लोकरीच्या तंतूची जाडी. जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. जड कापड मऊ असू शकतं आणि हलकं कापड टोचू शकतं.

"तुझां मायक्रॉन तुझ्याकडेच ठेव," मावशी म्हणाली. "एकदा पूजेक घोंगडीर बसलंय, पाय खाजवन खाजवन लाल!"

काकांनी नारळाच्या सोडणातून काथ्याचा एक तंतू उपटला आणि तिच्या मानेला टोचला. ती किंचाळली. मग त्यांनी तिच्याच हातातला वातीचा कापूस मानेला लावला. "ह्यो टोचता?"

"ह्यो कित्याक टोचात?"

"बारीक तंतू वाकता. जाडो वाकणा नाय, घुसता. लोकरीचां तसांच."

माझं अख्खं व्याख्यान काकांनी एका नारळात उरकलं. थोडा रागच आला, खरं सांगतो.

मावशीने पिशवी उपसली. माझा लाडका, तीनशे जीएसएमचा जाडजूड स्वेटर तिने भिरकावला. साडेसतरा मायक्रॉनचा, हलका, दोनशे जीएसएमचा मात्र खांद्यावर टाकला आणि त्याच्यावर गाल घासत बसली.

"असे दोन आहेत, एकावर एक घाल. ऊब भरपूर," मी म्हणालो. "पण खांद्यावर काय बघतेस? मानेला लावून बघ ना!"

"गप रे. तुका काय कळता?"

पुण्याला परतल्यावर तो भिरकावलेला स्वेटर मी नुसता, आत काही न घालता चढवला. दहा मिनिटांत खाजवून हैराण! लेबलवर मायक्रॉनचा आकडाच नव्हता. तज्ज्ञ!

महिन्याभराने मावशीचा व्हिडिओ कॉल आला. खिडकीबाहेर बर्फ, अंगात तोच स्वेटर, आणि खांद्यावर गाल टेकून गाढ झोपलेलं बाळ. "खाज येते का गं?" मी विचारलं.

"माझां सोड," ती कुजबुजली. "ह्येचो गाल बघ. जरा तरी लाल झालो?"