भोंगा दोन्हीकडून ऐकू आला

१. रविवारी संध्याकाळी मी घरी ट्रकचा गेम खेळत होते. सोबत चार वर्षांपासूनचा ऑनलाइन जोडीदार होता, त्याचा ट्रक माझ्या पुढे.

२. आम्ही फक्त टाइप करून बोलतो, दोघांचेही माइक कायम बंद. त्या दिवशी त्याचा चुकून चालू झाला.

३. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारा झाला, उद्या नळ येणार नाहीत. तो मला खिडकीतून ऐकू आला... आणि लगेच मागोमाग हेडफोनमधून.

४. मग हेडफोनमध्ये एका माणसाचा आवाज. "कोनासंग खेळून राह्यली वं? आन तो मोबाइल इकडं."

५. एका मुलीचा आवाज. "कोनी नाही दादा, गेमच आहे..." आणि माइक बंद. पुढचा ट्रक रस्त्याच्या मधोमध थांबला, मग दिसेनासा झाला.

६. त्यानंतर ती ऑनलाइन आलेली नाही. आज मंगळवार.

घडलं ते एवढंच. बाकी माझे अंदाज आहेत आणि भीती आहे, म्हणून ते वेगळं लिहिते.

गेम खेळणाऱ्यांच्या या ग्रुपवर सगळे मला मुलगा समजतात. मीच तसं ठेवलं होतं... सुरुवातीला एकदा खरं सांगितलं, तेव्हा इनबॉक्समध्ये जे आलं ते पुन्हा नको होतं. तिनेही तेच केलं असणार. चार वर्षं आम्ही एकमेकींना "भाऊ" म्हणत होतो.

भोंगा हेडफोनमधून दुसऱ्यांदा ऐकू आला तेव्हा कळलं. माझी सुट्टी कधी असते, घरी कधी कोणी नसतं, हे सगळं मी ज्याला सांगत आले तो माणूस याच गावात आहे... कदाचित मला रोज बस स्टँडवर बघतो. मग मुलीचा आवाज आला, आणि स्वतःची काळजी करायचं राहूनच गेलं.

आईने विचारलं, "तोंड काऊन उतरलं वं?" मी म्हटलं, नेट गेलं. "मंग कर ना दुरुस्त. पगार कायचा घेते?"

मी इंटरनेट कंपनीत लाइनचे बिघाड शोधते. पगार येतो म्हणून माझ्या खेळण्याला घरी कोणी काही म्हणत नाही. तिच्याकडे पगार नसावा.

ती कशी आहे हे मला फक्त गेममधून माहीत आहे. गेमची नावं टाळते, खेळणारे ओळखतील.

शंभर जणांचा तो मारामारीचा गेम लोक बंदुकांसाठी खेळतात. माझ्या मते त्यातली खरी करामत पावलांच्या आवाजाची आहे... भिंतीपलीकडे कोण कोणत्या बाजूने येतंय ते नुसतं ऐकून कळतं. तिथे पडलेल्याला सोडून पळायची पद्धत आहे. ही प्रत्येक वेळी उघड्या मैदानातून मला उचलायला परत यायची आणि आम्ही दोघी मरायचो. एकदा चिडून मी लिहिलं, "काऊन आला बे परत?" उत्तर आलं, "एकटा जिंकून काय करू?"

शेतीच्या गेमला मी हसायचे. घरचे दिवसभर कपाशीत राबतात आणि मी संध्याकाळी मोबाइलवर पेरणी करू? तिनेच ओढलं मला त्यात. आज मी भांडून सांगेन, इतका शांत गेम दुसरा नाही... पाऊस सांगून येतो, रोही, म्हणजे नीलगाई, पीक खायला येत नाहीत. तरी तिने पहिल्याच दिवशी सगळ्या शेताला कुंपण केलं. मी म्हटलं, भाऊ, या गेममध्ये रोही नाहीत. "असू दे. झोप तं लागते."

आणि ट्रकचा गेम. माझ्यासाठी तो सगळ्यांच्या वर आहे. त्यात काहीच घडत नाही, तेच तर त्याचं मोठेपण. लांबचा रस्ता, वायपरचा आवाज, आणि कुठे निघालीस म्हणून विचारणारं कोणी नाही. इतकी वर्षं मला हे फक्त माझंच सुख वाटत होतं.

एक गोष्ट माझ्या आधीच लक्षात यायला हवी होती. गावातली आमच्या कंपनीची लाइन तुटली की आम्ही दोघी एकदमच गेमबाहेर पडायचो. बिघाड शोधणं माझं काम आहे, तरी ते मला कधी दिसलं नाही... म्हणजे तिच्या घरी आमच्याच कंपनीचं नेट आहे.

म्हणजेच ऑफिसात बसून, कोणत्या घरात कधी नेट वापरलं ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरून, मी ते घर शोधू शकते. काल दिवसभर ती स्क्रीन समोर होती, मी उघडली नाही. नियम आहे म्हणून, आणि माझं घर असंच कोणी शोधेल या भीतीत मी स्वतः जगते म्हणून.

शोधलं, आणि दारात गेले, तर काय सांगू? कोण तू, आमच्या पोरीला कशी ओळखतेस... माझ्या जाण्यानेच तिचं जास्त बिघडेल. कदाचित नुसता मोबाइल काढून घेतला असेल आणि ती आता भाकरी थापत मला शिव्या देत असेल. असंच असू दे. पण त्या माणसाचा आवाज रागावलेला नव्हता. अगदी शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटते आहे.

तो माणूसही हे वाचू शकतो, याचा विचार केला आहे. म्हणून तिचं गेममधलं नाव नाही, गावाचं नाव नाही. बुलढाणा जिल्ह्यात भोंग्यावर नळाचा पुकारा होणारी गावं पुष्कळ आहेत.

तू हे वाचलंस तर एवढंच कर. मैत्रिणीच्या मोबाइलवरून, कोणत्याही खात्यावरून, मला एक शब्द पाठव. नाव नको, घर नको. बरी असशील तर "बरी", नसशील तर "नाही".

"बरी" आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी मी ती स्क्रीन उघडणार आहे. त्याआधी, गुरुवार संध्याकाळपर्यंत, उत्तर दे.